सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकेल असा रीफ टँकचा एलईडी लाइट घरी बनवायचा कसा

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी विचारतात, लाइट किती वॉटचा घेऊ? माझ्या मते हा तिसरा प्रश्न. पहिला उष्णतेचा, दुसरा रंगाचा, मग वॉट. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि स्लॅबखालच्या खोलीत रात्री दहालाही भिंती गरम लागतात. कोरलला मात्र २५ ते २७ अंशांचं पाणी लागतं. पाणी ३० अंशांच्या पुढे राहायला लागलं, की कोरल आपल्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. हे शेवाळच प्रकाशातून अन्न तयार करून कोरलला पोसत असतं. आपण लाइट लावतो तो खरं तर त्याच्यासाठी. त्याला जगवायला लावलेल्या दिव्याच्याच उष्णतेने ते गेलं, तर उपयोग काय?

तयार मिळणारे बरेच लाइट छोटा हीटसिंक (एलईडीची उष्णता हवेत सोडणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा), एक छोटा पंखा आणि पूर्ण करंटवर चालणारे एलईडी अशा बेताने बनवलेले असतात. एसीच्या खोलीत ते चालतं. आपल्याकडे हवाच ४० अंशांची, आणि पूर्व भागात यंत्रमागाच्या जवळ घर असेल तर हवेत रुई उडत असते. ती पंख्यात जाऊन बसते. घरी बनवायचा मोठा फायदा हाच, की हीटसिंक गरजेपेक्षा मोठा घेता येतो, एलईडी कमी करंटवर चालवता येतात आणि पंखा बंद पडला तरी लाइट जळत नाही.

सुरुवात करण्याआधी कायद्याचं बोललं पाहिजे. रीफ बांधणारी सगळी कठीण कोरल, ब्लॅक कोरल आणि सी फॅन वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत. आपल्या समुद्रातून ती काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. मालवणला फिरायला गेलात आणि किनाऱ्यावर कोरलचा तुकडा दिसला, तर तो तिथेच राहू द्या. मी झोआंथिड, मशरूम आणि लेदर एवढीच मऊ कोरल ठेवतो, तीही बाहेरून कायदेशीर आलेली आणि पक्क्या बिलावर घेतलेली. पुढचा सगळा हिशेब या मऊ कोरलसाठीच आहे, आणि नवख्या माणसाला तीच परवडतात. झोआंथिड हाताळताना मात्र हातमोजे घाला. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं. ती बसलेली दगडं उकळायची नाहीत की कोरडी घासायची नाहीत.

रंगाचं गणित

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंगला कलर मास्टर आहे. दिवसभर काम शेड मॅचिंगचं. त्यासाठी आमच्याकडे आतून राखाडी रंगवलेलं एक कॅबिनेट असतं. त्यात डी६५ म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा दिवा, टीएल८४ म्हणजे दुकानातल्या ट्यूबसारखा दिवा आणि एक यूव्ही. एका दिव्याखाली तंतोतंत जुळलेले दोन टॉवेल दुसऱ्या दिव्याखाली वेगळे दिसतात, हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. डोळा फक्त बेरीज बघतो. त्या बेरजेत कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती आहे, हे त्याला समजत नाही. कोरलमधल्या शेवाळाला नेमकं तेच समजतं, म्हणून ‘डोळ्याला छान दिसतो’ एवढ्यावर रीफचा लाइट निवडायचा नाही.

या शेवाळात क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी२ आणि पेरिडिनिन अशी रंगद्रव्यं असतात. त्यांची मुख्य भूक ४२० ते ४९० नॅनोमीटरच्या जांभळ्या-निळ्या पट्ट्यात आहे. क्लोरोफिल ए लाल रंगातही, ६६० च्या आसपास, प्रकाश शोषतं. पण समुद्राचं पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच गिळून टाकतं, त्यामुळे रीफवर जगणाऱ्या कोरलला निळ्याचीच सवय. म्हणून लाइटचा कणा रॉयल ब्लू एलईडीचा, ४५० ते ४५५ नॅनोमीटरचा.

पांढऱ्या एलईडीबद्दल एक गैरसमज काढून टाका. त्याच्या पोटात निळीच चिप असते, ४५० च्या आसपासची. वर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो, आणि निळा अधिक पिवळा मिळून आपल्याला पांढरं दिसतं. म्हणजे पांढरा लावला की निळाही आलाच, सोबत हिरवा-पिवळा आणि थोडा लालही आला. हा भाग टँक बघण्यासारखा दिसायला लागतो. जास्त झाला की काचेवरचं नको असलेलं शेवाळ जोर धरतं. स्वतंत्र लाल आणि हिरवे एलईडी मी लावत नाही. या टँकला त्यांची गरज नाही.

तिसरा रंग व्हायोलेट, ४१५ ते ४२० नॅनोमीटर. आमच्या धंद्यातला माणूस हा लगेच ओळखेल. पांढऱ्या टॉवेलला आम्ही ऑप्टिकल ब्राइटनर लावतो. तो यूव्ही आणि त्याच्या लगतचा जांभळा प्रकाश शोषतो आणि निळा बाहेर टाकतो, म्हणून टॉवेल नुसत्या ब्लीच केलेल्या कापडापेक्षा जास्त शुभ्र वाटतो. कोरलच्या अंगातली फ्लुरोसंट प्रथिनं हेच काम करतात, फक्त ती जांभळा-निळा शोषून हिरवा, नारिंगी, लाल टाकतात. रात्री फक्त निळा लाइट ठेवला की झोआंथिडची कड पेटल्यासारखी हिरवी दिसते, ती यामुळे.

स्वस्तातले व्हायोलेट एलईडी खरोखर व्हायोलेट आहेत का, हे बघायला स्पेक्ट्रोमीटर लागत नाही. ब्राइटनर लावलेलं पांढरं कापड घ्या, नवा पांढरा शर्टही चालेल, आणि शेजारी न धुतलेलं कोरं मांजरपाट ठेवा. अंधाऱ्या खोलीत दोन्हींवर एलईडीचा प्रकाश टाका. खरा व्हायोलेट असेल तर शर्ट झगझगतो आणि मांजरपाट मंद राहतं. रॉयल ब्लूखाली हा फरक जवळपास दिसत नाही, दोन्ही कापडं नुसती निळी दिसतात. एलईडीच्या पाकिटावर काय छापलंय यापेक्षा या कापडावर माझा जास्त विश्वास आहे.

लक्स मीटरने मात्र रीफचा लाइट मोजू नका. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला पूर्ण १ धरलं, तर ४५० च्या निळ्याला त्यात फक्त ०.०३८ एवढं वजन मिळतं. रॉयल ब्लू कितीही प्रखर असला तरी मीटरचा काटा जेमतेम हलतो, आणि तो बघून लोक लाइट वाढवत नेतात. कोरलसाठी माप पीएआरचं, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या फोटॉनच्या मोजणीचं. त्याचं मीटर महाग असतं. कुणा रीफवाल्याकडून एका दिवसापुरतं मागून आणता आलं तर आणा. नाही मिळालं तरी कोरल स्वतः सांगतात, ते पुढे येईलच.

किती एलईडी

माझा टँक दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे, सव्वाशे लिटरच्या आतला. मऊ कोरलना ५० ते १५० पीएआर पुरतो. चांगला रॉयल ब्लू एलईडी एका वॉटमागे सेकंदाला साधारण २ मायक्रोमोल फोटॉन देतो, पांढरा आणि व्हायोलेट थोडे कमी. काचेबाहेर सांडणारा, पृष्ठभागावरून परतणारा आणि पाण्यात विरणारा प्रकाश धरला, तर निम्मा गेला असं समजावं. या हिशेबाने एवढ्या टँकला ४५ वॉटच्या आसपास भरपूर होतात. म्हणून ३ वॉटचे म्हणून विकले जाणारे २४ एलईडी घ्यायचे आणि प्रत्येकी दोन वॉटच्या खालीच चालवायचे.

वाटणी तीन चॅनेलमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येणाऱ्या तीन साखळ्यांमध्ये केली. पहिल्यात १२ रॉयल ब्लू. दुसऱ्यात ६ पांढरे, ६५०० केल्व्हिनचे. तिसऱ्यात ४ व्हायोलेट आणि २ निळे, ४७० नॅनोमीटरचे. सगळे गोल किंवा चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियम पीसीबीवर (सर्किटच्या चकतीवर) बसवलेले घ्या. नुसता एलईडी घेऊन घरी सोल्डर करणं अवघड जातं. लेन्स लावायची गरज नाही. पाण्याची खोली दीड फुटाच्या आत असताना एलईडीचा मूळचा १२० अंशांचा पसारा बरा पडतो, सावल्या मऊ येतात.

हीटसिंक

इथे पैसे आणि वेळ दोन्ही मोकळ्या हाताने खर्चायचे. मला १८ इंच लांब आणि ८ इंच रुंद, मागे उभ्या पट्ट्या असलेला ॲल्युमिनियमचा हीटसिंक हवा होता. नवा मागवला तर महाग पडतो आणि कुरिअरमध्ये वाकतो. जुन्या मोठ्या यूपीएसमध्ये आणि वेल्डिंग मशिनमध्ये असे हीटसिंक असतात, आणि आपल्या भंगार बाजारात ते किलोवर मिळतात. पट्ट्या जितक्या उंच तितकं चांगलं, तळाची जाडी निदान पाच-सहा मिलिमीटर असावी. तळ पूर्ण सपाट आहे का, ते स्टीलची पट्टी उभी ठेवून बघा. खालून उजेड दिसला तर एमरी पेपर काचेवर पसरून त्यावर घासून घ्या.

भोकं पाडायला आणि आटे मारायला मी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथला टर्नर आधी म्हणाला, ‘‘हे कशाला पाहिजे ओ मास्तर, ॲम्प्लिफायर बनवताय का?’’ समुद्रातल्या जिवांसाठी आहे म्हटल्यावर त्याने काम बाजूला ठेवून सगळं विचारून घेतलं आणि मग मार्किंगसुद्धा स्वतःच करून दिलं. आखणी अशी: चार ओळी, प्रत्येकीत सहा एलईडी, दोन ओळींमध्ये ५ सेंटिमीटर आणि एका ओळीतल्या दोन एलईडींमध्ये साडेसात. प्रत्येक एलईडीला समोरासमोर दोन भोकं, अडीच मिलिमीटर ड्रिल, त्यात एम३ चा टॅप. ॲल्युमिनियममध्ये टॅप मारताना थोडं रॉकेल लावलं आणि अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे असं केलं, की टॅप तुटत नाही.

रंग एकाच जागी गोळा करू नका. सगळे निळे डावीकडे आणि पांढरे उजवीकडे झाले तर वाळूवर रंगीत पट्टे पडतात आणि कोरलच्या एका बाजूला वेगळा, दुसऱ्या बाजूला वेगळा प्रकाश मिळतो. प्रत्येक पांढऱ्याच्या दोन्ही बाजूंना निळे येतील आणि व्हायोलेट मधल्या दोन ओळींत विखुरलेले राहतील अशी जुळणी आधी कागदावर काढून घ्या.

बसवण्याआधी प्रत्येक पीसीबीच्या पॅडवर सोल्डरचा थेंब देऊन ठेवा. नंतर हीटसिंकवर बसल्यावर तो सगळी उष्णता ओढून घेतो आणि २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर वितळतच नाही. मी ६० वॉटचं आयर्न वापरतो. मग खाली थर्मल पेस्ट, भाकरीला तुपाचं बोट फिरवावं इतकीच. जाड थर उष्णता अडवतो. स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर हवाच, कारण स्क्रूचं डोकं सोल्डरच्या पॅडला टेकलं की करंट थेट हीटसिंकमध्ये जातो. दोन्ही स्क्रू थोडे थोडे करून सारखे आवळा, एक बाजू आधी पूर्ण आवळली तर पीसीबी दुसऱ्या बाजूने उचलतो.

सगळे बसले की मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून प्रत्येक पॅड आणि हीटसिंक यांच्यात तपासा. एकही बीप येता कामा नये. कुठला एलईडी उलटा बसलाय का, हे बघायला ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल पुरतो. सरळ जोडला की एलईडी मंद पेटतो, उलटा असला तर पेटत नाही. कित्येक मल्टिमीटरच्या डायोड मोडचा व्होल्टेज निळ्या एलईडीला पुरत नाही, त्यामुळे न पेटलेला एलईडी खराब आहे असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

ड्रायव्हर आणि वायरिंग

एलईडीला ठराविक व्होल्टेज देऊन चालत नाही, ठराविक करंट द्यावा लागतो. गरम झाल्यावर एलईडीचा व्होल्टेज उतरतो. वर करंटला बांध नसला तर करंट वाढतो, तो आणखी तापतो, आणखी करंट ओढतो आणि जातो. म्हणून कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे करंट एकसारखा ठेवणारं सर्किट. मी मीनवेल कंपनीचे एलडीडी ड्रायव्हर वापरले. रॉयल ब्लूला आणि पांढऱ्याला ६०० मिलिअँपचा, व्हायोलेटच्या चॅनेलला ५०० चा. नावाच्या शेवटी एचडब्ल्यू असलेला प्रकार घेतला तर त्याला वायरी आधीच जोडलेल्या येतात, वेगळी पीसीबी करावी लागत नाही.

एका चॅनेलमधले सगळे एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकाचा प्लस पुढच्याच्या मायनसला. एका निळ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात, १२ चे झाले ३८-३९. हा ड्रायव्हर व्होल्टेज फक्त उतरवतो, चढवत नाही, आणि स्वतःसाठी तीनेक व्होल्ट ठेवून घेतो. म्हणून त्याला वीज देणारा सप्लाय ४८ व्होल्टचा. एलडीडीच्या या मालिकेला ५६ व्होल्टपर्यंत इनपुट चालतो, त्यामुळे ४८ निर्धास्त. ६ एलईडींच्या चॅनेललाही तोच सप्लाय चालतो, उरलेला व्होल्टेज ड्रायव्हर सांभाळतो.

सप्लायसाठी मीनवेलचा एलआरएस-१५०-४८ घेतला. तो ३.३ अँप देतो, आपल्याला त्याचा तिसरा हिस्साच लागतो. दमत नाही म्हणून तापत नाही. याच्या बाजूला ११५ आणि २३० व्होल्टचा एक छोटा स्विच असतो. वीज जोडण्याआधी तो २३० वर आहे याची खात्री करा. ११५ वर राहिला आणि घरची वीज दिली, तर सप्लाय त्याच क्षणी जातो.

जोडणीतल्या दोन गोष्टी मी प्रत्येकाला बजावून सांगतो. ड्रायव्हरचा आउटपुट मायनस आणि इनपुट मायनस एकमेकांना जोडायचे नाहीत, एलईडीची साखळी आउटपुटच्या प्लसवरून निघून आउटपुटच्याच मायनसला परतली पाहिजे. आणि वीज चालू असताना एलईडीची वायर कधीही काढायची-लावायची नाही. साखळी तुटलेली असताना ड्रायव्हरच्या तोंडाशी पूर्ण व्होल्टेज साचतो, आणि वायर टेकवताच त्याचा झटका सगळ्या साखळीला बसतो. आधी सगळं जोडा, पुन्हा तपासा, मग बटण दाबा.

डिमिंगला, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करायला, ईएसपी३२ हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड. एलडीडीच्या डिम वायरला १०० ते १००० हर्ट्झचा पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारा सिग्नल) चालतो, मी ५०० ठेवला आहे. २.५ व्होल्टच्या वर त्याला ‘चालू’ समजतं, त्यामुळे ईएसपीचे ३.३ व्होल्ट थेट पुरतात. ईएसपीचा ग्राउंड ड्रायव्हरच्या इनपुट मायनसला जोडलेला हवा. बोर्डला वीज मोबाइलच्या साध्या चार्जरने द्या. ४८ वरून ५ व्होल्ट करायला लोक एलएम२५९६ चं मॉड्यूल लावतात, पण साध्या एलएम२५९६ ची सहनशक्ती ४० व्होल्टची आहे. वेळेसाठी डीएस३२३१ चं घड्याळ लावा. त्यात सेल असतो, वीज कितीदाही गेली तरी वेळ चुकत नाही. एक ध्यानात असू द्या: डिमची वायर सुटली की हा ड्रायव्हर पूर्ण प्रकाशावर जातो, बंद होत नाही. म्हणून ती वायर नुसती खोचून ठेवायची नाही, स्क्रूच्या टर्मिनलमध्ये आवळून बसवायची.

कोडिंग जमत नसेल तर पीडब्ल्यूएम देणारे तयार कंट्रोलर मिळतात, त्यावरही काम होतं.

पाणी, मीठ आणि वीज

खाऱ्या पाण्याचे तुषार वर उडतात, पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. एलईडीच्या खाली ३ मिलिमीटरची स्वच्छ ॲक्रिलिक शीट स्पेसरवर बसवा, तिच्या आणि एलईडीच्या मध्ये बोटभर जागा ठेवा. सोल्डरच्या सांध्यांवर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या लेपाचा) हात द्या, एलईडीच्या काचेवर जाऊ देऊ नका. सप्लाय आणि ड्रायव्हर टँकच्या वर नकोतच. बाजूच्या भिंतीवर, झाकणाच्या डब्यात, टँकच्या कडेपेक्षा वर बसवा. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर जाईल अशी सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या झोळावरून खाली पडेल.

हीटसिंकला अर्थिंग द्या आणि टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावून घ्या. २३० व्होल्टची बाजू स्वतः जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, यात कमीपणा काही नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डा वाळला की अर्थिंग नावापुरतं उरतं. एप्रिलपासून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं.

आणखी एक छोटा भाग: ६० अंशांचा केएसडी३०१ थर्मल कटआउट, तापल्यावर सुटणारा. घरगुती उपकरणं दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतो. तो हीटसिंकच्या मध्यावर आवळून सप्लायच्या फेजमध्ये टाकला की कुठल्याही कारणाने हीटसिंक अति तापला तर लाइट आपोआप बंद होतो. त्याच्या दोन्ही टोकांना २३० व्होल्ट असतात, तेव्हा त्यावर इन्सुलेशनच्या टोप्या चढवायला विसरू नका.

टांगायला माझ्याकडे हॉलमधली पाळण्याची कडी कामाला आली. हीटसिंकच्या चारही कोपऱ्यांना स्टीलची दोरी, उंची कमी-जास्त करता येईल अशी. पाण्यापासून २० ते २५ सेंटिमीटर वर ठेवा. उघड्या एलईडीकडे थेट बघू नका, विशेषतः व्हायोलेटकडे. तो डोळ्याला मंद वाटतो म्हणून माणूस बघत राहतो, आणि डोळ्याला त्याचाच त्रास जास्त.

चालू केल्यावर

पहिले दोन-तीन तास टँकच्या बाहेर, टेबलावर चालवून बघा. पूर्ण प्रकाशावर तासाभराने हीटसिंकला तळहात लावा. पाच सेकंद हात सहज राहिला तर ठीक. नाही राहिला तर मधल्या भागावर १२ व्होल्टचा मोठा पंखा सावकाश फिरेल असा लावा.

टँकवर आल्यावर सगळे चॅनेल २५-३० टक्क्यांवर ठेवा आणि आठवड्याला पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. रोज आठ-नऊ तास पुरेत. आधी निळा अर्ध्या तासात चढवायचा, मग पांढरा आणायचा, उतरताना पांढरा आधी. माझ्याकडे निळा ६० टक्के आणि पांढरा २५ टक्क्यांवर स्थिरावलाय.

कोरल वाचायला शिका. झोआंथिडचे देठ लांबत जाऊन माना वर काढल्यासारखे दिसले तर प्रकाश कमी पडतोय. तोंडं मिटलेली, रंग फिकट, मशरूमच्या कडा वर वळलेल्या, असं दिसलं तर जास्त होतोय. एका दिवसाच्या वागण्यावरून काही बदलू नका. लेदर कोरल तर मधूनच कित्येक दिवस मिटून बसतं आणि अंगावरचा मेणासारखा थर टाकून पुन्हा फुलतं. तो त्याचा स्वभाव आहे, लाइटचा दोष नव्हे.

मार्च संपला की वेळापत्रक बदला. कोरलला घड्याळ आपलं लागत नाही, सलग प्रकाश आणि सलग अंधार लागतो. उन्हाळ्यात मी लाइट संध्याकाळी ६ ते रात्री २ ठेवतो. दुपारी खोली तापलेली असताना वर दिव्याची उष्णता पडत नाही, आणि कामावरून आल्यावर टँक बघायलाही मिळतो. बदल एकदम नको, रोज पंधरा मिनिटं सरकवत न्या.

पाणी थंड ठेवायला सोलापूरची कोरडी हवा उलट आपल्या मदतीला येते. पृष्ठभागावरून आडवी हवा जाईल असे कॉम्प्युटरचे दोन पंखे लावा. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. आपला लाइट ड्रायव्हर आणि सप्लायच्या गळतीसकट ५५ वॉट धरला, तर नऊ तासांत अर्धा युनिट. म्हणजे पाऊण लिटर पाणी उडालं की लाइटचा सगळा हिशेब चुकता, पुढचं उडणारं पाणी खोलीची उष्णता भरून काढतं. एप्रिल-मे मध्ये रोज तीन-चार लिटर सहज उडतं. मीठ टँकमध्येच राहतं, म्हणून भरती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याचीच करायची. उजनीचं किंवा बोअरचं पाणी थेट नको. घरच्या आरओलाही टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असेल तर तो बाहेर येणाऱ्या पाण्यात मूळचं पाणी थोडं मिसळत असतो, तो पूर्ण बंद करून टीडीएस मीटरवर शून्याच्या जवळ आलेलं पाणीच वापरा. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, तेव्हा आरओचे दोन कॅन भरलेले ठेवायची सवय लावा. आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्यांचा जोर निम्म्यावर येतो, हे धरून चाला.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर लाइट घेऊ नका. दोन दिवस अंधारात गेले तरी कोरलचं बिघडत नाही, पाणी हलायचं थांबलं तर काही तासांत मासे गुदमरायला लागतात. इन्व्हर्टरची सगळी ताकद पंपाला द्या.

देखभाल फार नाही. ॲक्रिलिकवर आठवड्यात मिठाचा पांढरट थर येतो, तो आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा. आमच्या घरी टॉवेलची काय कमतरता! महिन्यातून एकदा वीज बंद करून हीटसिंकच्या पट्ट्यांमधली रुई रंगाच्या जुन्या ब्रशने काढा, पंख्याच्या पात्याही पुसा. स्क्रू उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा आवळून बघा, कारण तापण्या-निवण्याने ते सैल होतात. वर्षाने पेस्ट बदलायची गरज पडत नाही. एखादा एलईडी मंद दिसायला लागला तर आधी त्याचे स्क्रू तपासा, मग सांधा, आणि शेवटी एलईडी बदला. त्यासाठी प्रत्येक रंगाचे दोन-दोन जास्तीचे पहिल्या ऑर्डरमध्येच मागवून ठेवा, कारण पुढच्या लॉटमध्ये शेड जुळेलच असं नाही.